ब्राउझरमध्ये यादी येते, पायथनमध्ये येत नाही: विकिडेटा आणि स्पार्कलरॅपरची नेहमीची अडचण

प्रकल्पांचे दिवस आले की लातूर, नांदेड, परभणीकडून एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. "सर, विकिडेटाच्या पानावर क्वेरी टाकली की यादी येते. तीच क्वेरी पायथनमध्ये टाकली की काहीच येत नाही." विषय बहुधा आपल्याच भागातला असतो: गोदावरी खोऱ्यातली धरणे, मराठवाड्यातले किल्ले, तालुक्यांची लोकसंख्या. साधनेही ठरलेली. पायथन, त्यातली स्पार्कलरॅपर ही लायब्ररी, आणि समोर विकिडेटाचा, म्हणजे विकिमीडियाच्या खुल्या माहितीसाठ्याचा, क्वेरी सर्व्हर. क्वेरी म्हणजे त्याला स्पार्कल या भाषेत विचारलेला प्रश्न.

ही दुरुस्ती वारंवार केल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. लायब्ररी काढून पुन्हा टाकल्याने ही अडचण सुटत नाही. स्पार्कलरॅपरचे काम फार थोडे आहे. तुमची क्वेरी ती सर्व्हरकडे पोचवते आणि आलेले उत्तर पायथनला वापरता येईल अशा रूपात हातात देते. त्यामुळे दोष एक तर तिच्या अलीकडे असतो, म्हणजे तुमच्या कोडमध्ये आणि क्वेरीच्या मजकुरात. नाही तर पलीकडे, म्हणजे नेटमध्ये, सर्व्हरच्या नियमांत किंवा माहितीच्या रचनेत. अलीकडचे तपासणे फुकट आणि पाच मिनिटांचे. म्हणून तिथून सुरुवात करायची.

इथे कोडमधले शब्दही मी देवनागरीत लिहिले आहेत. चालवताना ते रोमन लिपीतच टाइप करा.

लक्षणे

खालीलपैकी एक किंवा अनेक दिसत असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- प्रोग्राम एररशिवाय संपतो, पण यादीत शून्य ओळी.
- "डॉक्युमेंट ऑब्जेक्ट इज नॉट सबस्क्रिप्टेबल" किंवा "बाइट इंडायसेस मस्ट बी इंटिजर्स" असा संदेश.
- सर्व्हरकडून ४०३ (मनाई) किंवा ४२९ (मागण्या फार झाल्या) हा क्रमांक. कधी येतो, कधी नाही. प्रयोगशाळेत हमखास येतो, घरी येत नाही.
- नावांच्या जागी क्यू आणि पुढे आकडे, म्हणजे विकिडेटातल्या नोंदीचा क्रमांक.
- ओळी येतात, पण ब्राउझरपेक्षा कमी, किंवा एकच धरण दोनदा.
- मिनिटभर थांबून ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड), किंवा जेसन (उत्तराचा एक मजकुरी साचा) वाचताना मध्येच एरर.
- काही ओळी छापून झाल्यावर अचानक "की एरर".

आधी झाकलेली एरर उघडी करा

शून्य ओळी दिसल्या की क्वेरीत शोधाशोध सुरू होते. त्याआधी कोडमध्ये ट्राय आणि एक्सेप्ट आहे का ते बघा. इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यांत अनेकदा एक्सेप्टखाली रिकामी यादी परत केलेली असते. सर्व्हरने नकार दिलेला असतो, पण तुम्हाला दिसते ती रिकामी यादी. "उत्तर शून्य आहे" आणि "उत्तर आलेच नाही" या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या झाल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी विश्वासाची नाही. एक्सेप्टची ओळ तात्पुरती काढून टाका आणि प्रोग्राम पडू द्या. पडताना तो जे बोलतो तेच हवे आहे.

मग आलेले कच्चे उत्तर डोळ्यांनी वाचा

कन्व्हर्ट करण्याआधी, सर्व्हरने काय पाठवले ते छापून बघा: उत्तराचा प्रकार आणि पहिली पाचशे अक्षरे. निम्म्याहून अधिक भांडणे इथेच मिटतात.

सुरुवात महिरपी कंसाने होत असेल तर ते जेसन आहे, पुढे चला. कोनी कंस आणि एक्सएमएल हा शब्द दिसला तर तुम्ही उत्तराचे रूप सांगितलेले नाही. स्पार्कलरॅपर न सांगता एक्सएमएल मागते, आणि कन्व्हर्ट केल्यावर डिक्शनरीऐवजी एक्सएमएलचे डॉक्युमेंट हाती येते. "सबस्क्रिप्टेबल नाही" ही ओरड त्याचीच. सेट-रिटर्न-फॉरमॅटमध्ये जेसन लिहिले की विषय संपला.

सुरुवातीलाच एचटीएमएल असे दिसले तर समोरून कोणते तरी वेबपान आले आहे. अशा वेळी स्पार्कलरॅपर "अनोळखी प्रकारचे उत्तर, कच्चेच परत देत आहे" अशी सूचना देते आणि बाइट्स हातात ठेवते. ती फक्त सूचना असते, एरर नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. खाली बाइट्सना "रिझल्ट्स" मागितले की इंडायसेसची एरर येते आणि सगळे त्या ओळीत दोष शोधत बसतात.

वेबपान येण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे चुकीचा पत्ता. क्वेरी डॉट विकिडेटा डॉट ऑर्ग हे माणसांसाठीचे पान आहे. प्रोग्रामने ज्या दारात जायचे त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि स्पार्कल हा शब्द असतो. ब्राउझरच्या पट्टीतून पत्ता उचलला की हा शेवट राहून जातो. दुसरे कारण नेटचे: होस्टेलचे किंवा महाविद्यालयाचे वायफाय लॉगिन मागते, आणि लॉगिन संपले की प्रत्येक मागणीला तेच लॉगिनचे पान पाठवते. ब्राउझर उघडून कोणतीही साधी साइट बघा, किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदा चालवा. हॉटस्पॉटवर चालले तर कोडला हात लावू नका.

घड्याळ

जुन्या प्रयोगशाळांमध्ये मदरबोर्डवरचा सेल उतरलेला असतो. लाइट गेली की संगणकाची तारीख काही वर्षे मागे जाते. मग सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र "अजून वैध नाही" ठरते आणि पायथन जोडणीच नाकारतो. तारीख दुरुस्त करा, सेल बदलून घ्या. प्रमाणपत्राची तपासणी बंद करणारी ओळ कुणी सुचवली तर ती अजिबात टाकू नका. आज तिने काम भागते, पण तोच कोड उद्या कुठे तरी पासवर्ड पाठवायला वापरला जातो.

४०३ आणि ४२९: सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही

प्रयोगशाळेत हमखास होणारा दोष हाच. तो नीट समजून घ्यायला हवा.

विकिडेटाची क्वेरी सेवा सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ती फुकट आहे, चावी लागत नाही, नोंदणी लागत नाही. त्या बदल्यात एकच शिस्त पाळायची असते: आपण कोण ते सांगायचे. प्रत्येक मागणीसोबत यूझर-एजंट नावाची एक ओळ जाते. तिच्यात प्रोग्रामचे नाव आणि संपर्काचा पत्ता असावा, असे विकिमीडियाचे धोरण आहे. तुम्ही काही लिहिले नाही तर स्पार्कलरॅपर स्वतःचे नाव पाठवते. म्हणजे जगभरातले अनेक जण सर्व्हरला एकाच नावाने हाका मारत असतात. अशा बिननावाच्या गर्दीला सर्व्हर आधी अडवतो. ऑब्जेक्ट तयार करताना एजंट या पर्यायात प्रकल्पाचे नाव, आवृत्ती आणि ईमेल लिहा. एका ओळीचे काम आहे.

आता प्रयोगशाळेचे गणित. सेवेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे एका ग्राहकाला दर मिनिटाला साठ सेकंदांचा प्रक्रियावेळ मिळतो आणि मिनिटाला तीस चुकलेल्या क्वेरी चालतात. ग्राहक म्हणजे यूझर-एजंट आणि आयपी (नेटवरचा पत्ता) यांची जोडी. शिवाय एका आयपीवरून एका वेळी पाच क्वेरी. महाविद्यालयाचे सगळे संगणक बाहेरच्या जगाला बहुतेकदा एकाच आयपीने दिसतात. शिक्षकांनी "आता चालवा" म्हटले, सगळ्या बॅचने एकदम एंटर दाबले, आणि सगळ्यांचे एजंट सारखे, तर सर्व्हरच्या दृष्टीने एकच माणूस वेड्यासारखे दार ठोठावतो आहे. पहिल्या काहींना उत्तर मिळते, बाकीच्यांना ४२९. म्हणून "शेजारच्याचे चालते, माझे नाही" हे वाक्य ऐकले की मी कोड बघायच्या आधी बॅचमध्ये किती जण बसले आहेत ते विचारतो.

४२९ आले की उत्तराच्या हेडरमध्ये रिट्राय-आफ्टर बघा. किती सेकंदांनी पुन्हा यायचे ते त्यात लिहिलेले असते. तेवढे थांबा. थांबायला सांगूनही लूप फिरत राहिला तर पुढची पायरी ४०३, म्हणजे बंदी, आणि ती त्या आयपीवरच्या सगळ्यांना भोवू शकते. शिक्षकांनी एकदा क्वेरी चालवून उत्तराची फाइल करावी आणि मुलांनी सराव त्या फाइलवर करावा, हा उपाय मला सर्वांत पटतो. नेट गेले तरी तास बुडत नाही.

क्वेरी तीच आहे याची खात्री करा

"तीच क्वेरी" असे सगळे म्हणतात. अक्षरशः तीच असते का, ते बघायला हवे.

विकिडेटाचे पान स्वतः काही गोष्टी भरते. लेबल सर्व्हिसच्या, म्हणजे क्रमांकांची नावे आणून देणाऱ्या, ओळीत चौकोनी कंसात ऑटो-लँग्वेज असे लिहिलेले असते. तिथे तुमच्या पसंतीची भाषा घालण्याचे काम पान करते, सर्व्हर नाही. पायथनमधून तो शब्द तसाच पोचतो, त्या नावाची भाषा नसते, आणि पुढे दुसरी भाषा दिलेली नसेल तर लेबलऐवजी क्यूचा क्रमांक येतो. तिथे भाषांचे संकेत स्वतः लिहा: आधी एमआर, मग एचआय, मग ईएन. इतके करूनही एखाद्या नोंदीला क्यूच येत असेल तर त्या नोंदीला यांपैकी एकाही भाषेत नाव लिहिलेले नाही. विकिडेटावर मराठी नावांचे असे काम खूप बाकी आहे. खाते उघडून नाव भरा, पुढच्याची अडचण वाचेल. भरलेले नाव क्वेरीत यायला थोडा वेळ जातो, आणि तीच क्वेरी लगेच पुन्हा चालवली तर काही मिनिटे साठवलेले जुने उत्तरही मिळू शकते.

दुसरी गोष्ट प्रिफिक्सची, म्हणजे लांब पत्त्यांऐवजी लिहायच्या आखूड नावांची. विकिडेटाच्या सर्व्हरला डब्ल्यूडी, डब्ल्यूडीटी वगैरे आखूड नावे आधीच माहीत आहेत. तीच क्वेरी डीबीपीडियाला (विकिपीडियातून काढलेला असाच माहितीसाठा) किंवा महाविद्यालयातल्या स्वतःच्या फुसेकी या स्पार्कल सर्व्हरला पाठवली तर ती नावे वर जाहीर करावी लागतात, नाही तर ४००, म्हणजे क्वेरीच चुकीची. डीबीपीडियाकडून मोठी यादी मागणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तिथे एका उत्तरात दहा हजारच ओळी मिळतात आणि यादी कापली गेली असे कुणी सांगत नाही. बरोबर दहा हजार ओळी आल्या तर संशय घ्या.

तिसरी म्हणजे कॉमेंट. स्पार्कलमध्ये हॅशपासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर सोडून दिला जातो. पायथनमध्ये क्वेरी एकाच लांब ओळीत जोडली की हॅशच्या पुढची सगळी क्वेरीच कॉमेंट होऊन बसते. तिहेरी अवतरणात, ओळी तशाच ठेवून लिहा.

वर्डमधून किंवा पीडीएफमधून आणलेल्या क्वेरीत सरळ अवतरणचिन्हांची गोल चिन्हे झालेली असतात. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर लिमिटपुढचे शंभर देवनागरी आकड्यांत पडतात. दोन्हीचे फळ ४०० आणि "क्वेरी बॅड फॉर्म्ड".

आणि २०२५ पासूनचा एक बदल: विकिडेटाचा ग्राफ, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा, त्या वर्षीच्या मे महिन्यात दोन भागांत वाटला गेला. शोधनिबंधांच्या नोंदी आता वेगळ्या सर्व्हरवर आहेत. विद्यापीठातल्या संशोधकांच्या लेखांची यादी काढणारा जुना कोड अचानक रिकामा झाला असेल तर कारण हे आहे.

देवनागरी मजकूर: दिसायला एक, असायला दोन

इथून पुढे तपासणी थोडी अवघड होते, आणि इंग्रजीतल्या मदत-पानांवर हा भाग मिळतही नाही.

"लातूर" असे नुसते लिहून लेबल शोधले तर काहीच मिळत नाही, कारण विकिडेटातले प्रत्येक लेबल भाषेच्या खुणेसह साठवलेले असते. अवतरणानंतर ॲट आणि एमआर हवेच. खूण नसलेला "लातूर" आणि मराठीची खूण असलेला "लातूर" स्पार्कलच्या लेखी वेगळे. शुद्धलेखनही तसेच. "लातूर" आणि "लातुर", "अंबाजोगाई" आणि "अंबेजोगाई" यांतले नेमके कोणते नोंदीत आहे ते यंत्र ओळखून घेत नाही.

याहून फसवे आहे ते न दिसणारे अक्षर. "खोऱ्यातील" हा शब्द घ्या. एका कीबोर्डवर त्यातला ऱ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच. सर्व्हरसाठी दोन वेगळे शब्द. स्पार्कलच्या व्याकरणात व्हेरिएबलचे नाव देवनागरीत लिहायला मुभा आहे, आणि ती मुले आनंदाने वापरतात, मलाही ते आवडते. पण तो न दिसणारा जोडकही व्हेरिएबलच्या नावात चालतो. मग वरच्या ओळीत एका प्रकारे आणि खालच्या ओळीत दुसऱ्या प्रकारे लिहिलेले "खोऱ्यातील" ही दोन स्वतंत्र व्हेरिएबल ठरतात. एरर येत नाही. फक्त दोन अटींचा एकमेकींशी संबंध तुटतो आणि उत्तर भलतेच फुगते किंवा रिकामे येते.

तपासायचे कसे? पायथनमध्ये ॲस्की हे फंक्शन वापरून तो शब्द छापा. प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक दिसतो. त्यात २००डी किंवा २००सी दिसले तर ते न दिसणारे अक्षर आहे. युनिकोडडेटामधल्या नॉर्मलाइझने एनएफसी करून घेतले तर र आणि खालचा नुक्ता असे तुटलेले ऱ एकत्र होते, पण शून्य-रुंदीचा जोडक त्याने जात नाही. तो वेगळा काढावा लागतो.

गावांची मोठी यादी व्हॅल्यूजमध्ये (क्वेरीत मूल्यांची यादी द्यायची जागा) भरली की आणखी एक गोष्ट आडवी येते. साधारणपणे क्वेरी सर्व्हरच्या पत्त्याला जोडून जाते, आणि तिथे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचे, प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिलेला. "लातूर" या पाच चिन्हांची पंचेचाळीस अक्षरे होतात. शंभर-दोनशे गावे झाली की सर्व्हर ४१४ म्हणतो, पत्ता फार लांब. सेट-मेथडमध्ये पोस्ट लिहा, म्हणजे क्वेरी पत्त्यातून न जाता मागणीच्या आत जाते.

खरे तर नावाने शोधूच नका. २०२३ च्या फेब्रुवारीत औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. नाव बदलले की लेबल बदलते आणि नावावर बांधलेली क्वेरी त्या दिवशी मरते. क्यूचा क्रमांक मात्र तोच राहतो. आठही जिल्ह्यांचे क्रमांक एकदा पानावर जाऊन लिहून घ्या आणि कोडमध्ये तेच वापरा.

माहितीची रचना: उत्तर बरोबर असते, प्रश्न चुकलेला असतो

मराठवाड्याविषयीच्या प्रश्नांत सर्वाधिक वेळ इथे जातो.

मराठवाडा हा प्रदेश आहे, प्रशासकीय घटक नाही. गाव तालुक्यात, तालुका जिल्ह्यात, जिल्हा विभागात, विभाग राज्यात, अशी साखळी पी१३१ या गुणधर्माने बांधलेली असते. "पी१३१ मराठवाडा" असे विचारले तर रिकामी यादी हेच साहजिक उत्तर. आठ जिल्ह्यांचे क्रमांक व्हॅल्यूजमध्ये द्या. शिवाय पी१३१ पुढे तारांकित चिन्ह लावा, म्हणजे साखळी कितीही पायऱ्यांची असली तरी ती चढली जाते. ते नसेल तर जिल्ह्याला थेट जोडलेल्या नोंदीच येतात आणि तालुक्याला जोडलेल्या सगळ्या गळतात.

लातूरच्या धरणांची यादी काढणाऱ्याला मांजरा धरण सापडत नाही आणि तो म्हणतो लायब्ररी चुकते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या लातूरला एरवी पाणी मांजरा धरणाचे, हे खरे. पण धरण आहे बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला. क्वेरीत "जिल्हा लातूर" लिहिले तर ते येणार नाही, आणि यायलाही नको. "कुठे आहे" आणि "कोणाला उपयोगी आहे" हे दोन गुणधर्म आहेत. प्रकल्पाला कोणता हवा ते आधी कागदावर ठरवा. उलट बाजूने, जायकवाडीचा जलाशय छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर अशा दोन जिल्ह्यांत पसरला आहे. नोंदीत दोन्ही जिल्हे असतील तर एकच धरण दोन ओळींत येईल. धरणाचा क्रमांक धरून गट करा.

जुन्या जिल्ह्यांची वाटणीही अशीच डोके वर काढते. हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून. एखाद्या तालुक्याच्या नोंदीत जुना आणि नवा असे दोन्ही जिल्हे असतील, आणि नव्याला "पसंतीचे" असा दर्जा दिलेला नसेल, तर डब्ल्यूडीटीने विचारल्यावर दोन्ही येतात. दर्जा दिलेला असेल तर फक्त नवा येतो. लोकसंख्येचेही असेच: २००१ आणि २०११ च्या जनगणनेचे आकडे शेजारी असतील तर दर्जावर ठरते की एक मिळणार की दोन. आकडा का नाहीसा झाला असे वाटले तर नोंदीचे पान उघडून विधानाच्या डावीकडचे छोटे बाण बघा. कोडमध्ये बघून हे कळणार नाही.

ओळी कमी येण्याचे सर्वांत साधे कारण ऑप्शनल न लावणे. धरणाचे नाव, नदी, उंची आणि अक्षांश-रेखांश अशा चार अटी सरळ लिहिल्या की चारही असलेलीच धरणे येतात. येलदरीची उंची भरलेली नसेल तर येलदरी यादीतून जाते. नसले तरी चालेल अशा प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र ऑप्शनल. आणि मग "की एरर"ची तयारी ठेवा: जे मूल्य नाही त्याची किल्लीही जेसनमध्ये नसते, रिकामी जागा येत नाही. थेट चौकोनी कंसाने न काढता गेट वापरून काढा.

नकाशा काढणाऱ्यांसाठी एक जोड. पी६२५ या अक्षांश-रेखांशाच्या गुणधर्माचे मूल्य पॉइंट असे येते आणि त्यात रेखांश आधी, अक्षांश नंतर असतो. अनेक नकाशा-लायब्रऱ्या उलट क्रम मागतात. क्रम न बदलता टाकले तर लातूर आर्क्टिक महासागरात, स्वालबार्डच्या जवळपास दिसते. नकाशा कोरा वाटतो आणि पुन्हा दोष क्वेरीवर जातो. नकाशा लहान करून उत्तरेकडे बघा, ठिपके तिथे असतील.

मिनिटभर थांबून पडणे

विकिडेटाचा सर्व्हर एका क्वेरीला साठ सेकंद देतो. स्पार्कलरॅपरमधले सेट-टाइमआउट तीनशे केले तरी ही मर्यादा वाढत नाही. ते फक्त तुमच्या बाजूने किती वाट बघायची ते ठरवते.

कधी कधी सर्व्हर ओळी पाठवायला सुरुवात करतो आणि मग वेळ संपते. यशाचा २०० हा क्रमांक तोवर गेलेला असतो. त्यामुळे हाती येते अर्धे जेसन, आणि त्याच्या शेपटीला जावाच्या एररच्या ओळी, त्यांत टाइमआउट-एक्सेप्शन हा शब्द. पायथन म्हणतो जेसन बिघडले आहे. वर कच्च्या उत्तराची पहिली पाचशे अक्षरे बघायला सांगितले होते. इथे शेवटची पाचशे बघा.

उपाय क्वेरी हलकी करण्याचा. आठ जिल्हे एकदम न विचारता एकेक विचारा आणि मध्ये दोन-चार सेकंद थांबा. आधी फक्त क्रमांकांची यादी आणा, नावे आणि इतर तपशील दुसऱ्या क्वेरीत त्या क्रमांकांवरून मागा. सगळ्या लेबलांवर फिल्टर आणि कंटेन्स लावून शब्द शोधणे पूर्ण टाळा. त्यात सर्व्हरला कोट्यवधी लेबले चाळावी लागतात. लिमिट आणि ऑफसेटने तुकडे करत असाल तर ऑर्डर-बाय हवेच, नाही तर तुकड्यांचा क्रम दर वेळी सारखा राहील याची हमी नसते. काही ओळी दोनदा येतात, काही येतच नाहीत, आणि बेरीज मात्र बरोबर दिसते.

कुठे थांबायचे आणि कोणाला बोलवायचे

४०३ एजंट नीट लिहून आणि काही तास थांबूनही येत असेल तर प्रयत्न बंद करा. व्हीपीएन लावून किंवा एजंट बदलत राहून चोरवाटेने जाऊ नका. त्याने महाविद्यालयाचा सगळा पत्ता अडकतो. नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला सांगा. बाहेर जाणारा आयपी, प्रॉक्सी आणि दुसऱ्या कुणाचा तरी चालू राहिलेला प्रोग्राम या गोष्टी त्यालाच दिसतात.

प्रॉक्सीच्या प्रमाणपत्रामुळे जोडणी तुटत असेल तरी हेच. तो निर्णय तुमचा नाही.

क्वेरीचे तुकडे करूनही साठ सेकंद पुरत नसतील, किंवा संपूर्ण देशाची, लाखो ओळींची माहिती हवी असेल, तर सार्वजनिक सर्व्हर त्यासाठी नाही. विकिडेटाची संपूर्ण प्रत उतरवून घेता येते, पण ती दाबलेल्या रूपातही शंभर जीबीच्या घरात जाते. तिच्यासाठी मोठी डिस्क, भरपूर मेमरी आणि हे काम केलेला माणूस लागतो. पदवीच्या प्रकल्पासाठी त्या वाटेला न जाता विषय लहान करणे मी केव्हाही पसंत करीन.

सर्व्हर तुमच्या संस्थेचा स्वतःचा असेल आणि तो ५०० किंवा ५०३ देत असेल, तर त्याच्या सेटिंगला किंवा साठ्याला हात लावू नका, रीस्टार्टही करू नका. लिहिणे चालू असताना बंद पडलेला साठा पुन्हा उभा करणे फार जिकिरीचे असते. ज्याने तो उभारला त्याला बोलवा. आणि माहिती चुकीची असेल, म्हणजे तालुका भलत्या जिल्ह्यात किंवा धरण भलत्या नदीवर, तर कोडमध्ये ठिगळ लावू नका. संदर्भासह नोंद दुरुस्त करा किंवा त्या नोंदीच्या चर्चापानावर लिहा.

मदत मागताना या गोष्टी सोबत पाठवा: क्वेरीचा पूर्ण मजकूर टेक्स्ट फाइलमध्ये, कुठल्या पत्त्यावर पाठवली ते, आलेला क्रमांक, कच्च्या उत्तराची पहिली आणि शेवटची पाचशे अक्षरे, यूझर-एजंटची ओळ, आणि घटना किती वाजताची. पडद्याचा फोटो पाठवू नका. त्यात न दिसणारी अक्षरे दिसत नाहीत, आणि दोष तिथे असेल तर समोरचा माणूस त्या फोटोवरून तो कधीच शोधू शकणार नाही.